डाएट चार्ट लई झाले, दर आठवड्याला विचारणारं माणूस पाहिजे

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत कुठला ना कुठला डाएट असतोच, कधी कीटो, कधी सोळा तास उपाशी राहायचं, कधी नुसती फळं खायची, आणि त्याच्याच शेजारी 'महिन्यात दहा किलो घटवा' असली जाहिरात. पेपर घरी रोज येतो, सगळे वाचतात, म्हणून हक्कानं लिहायलेय. चाळीशी-पन्नाशीतल्या माणसाला चार्ट कमी नाहीत हो, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये चार-पाच पडून असतात. कमी आहे ते आठवड्यातून एकदा फोन करून "काय झालं, जमलं का, नाही जमलं तर काय आडवं आलं" असं आपुलकीनं विचारणारं माणूस. त्याला आजकाल हेल्थ कोच म्हणतात. पुण्या-मुंबईकडं पैसे टाकले की हे मिळतं, आपल्याकडं मराठवाड्यात कोच म्हणवून जे फिरायलेत त्यातले बरेच जण वजन घटवायच्या पावडरचे डबे विकायलेत. ह्यावर तुमच्या पेपरनं लिहावं आणि आरोग्य खात्यानंही जरा कान द्यावा म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कापू नका ही विनंती.

मी सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, वय पन्नाशीला टेकलंय. एका तपासणी शिबिरात माझा एचबीए१सी ६.१ आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही तीन महिन्यांची सरासरी शुगर, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर आणि ६.५ झाली की डायबेटिस. डॉक्टर म्हणाले गोड कमी करा, चाला, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या. डॉक्टरांना मी बोल लावत नाही, बाहेर एवढी गर्दी असताना एका पेशंटला ते किती वेळ देणार. पण "चाला" म्हणजे कधी चाला? सकाळी उठलं की दोन डबे, नळाला पाणी यायचा दिवस असला की टाकी-रांजण-हंडे सगळं भरणं, मग स्कूटीवर शाळा, दिवसभर वर्ग आणि वर ती ऑनलाइन माहिती भरायची कामं, संध्याकाळी घरी आलं की सासूबाईंच्या गोळ्या, स्वयंपाक, आणि मे महिन्यात तर सकाळी आठलाच ऊन असं तापतं की दाराबाहेर पाय टाकवत नाही. ह्या सगळ्यात चालणं कुठं बसवायचं हे कोणत्याच चार्टवर लिहिलेलं नसतं. खरी अडचण तिथंच आहे.

माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं नांदेडची एक पोरगी भेटली, आहारशास्त्रात एमएस्सी झालेली, फोनवर हे काम करते. पहिल्या फोनला तिनं मला काहीच खाऊ नका म्हटलं नाही. "ताई, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सांगा, खाल्लेलंच नाही, सगळंच" एवढंच म्हणाली आणि ऐकत बसली. मधे मधे विचारायची, शाळेत चहा किती वेळा होतो, तेव्हा भूक असते का नुसतं सगळे बसतात म्हणून बसायचं, रात्री जेवायला किती वाजतात, जेवून झाल्यावर काय करता. मग म्हणाली ह्यातली एकच गोष्ट पुढच्या आठवड्यात बदलायची तर कोणती बदलाल, तुम्हीच सांगा. मी म्हटलं सकाळी तासभर चालीन. तर म्हणाली, हे होईल ह्याची खात्री दहापैकी किती? मी खरं ते सांगितलं, चार. "मग ते सोडा, आठ म्हणता येईल एवढं लहान करा." लहान करत करत आम्ही आलो ते रात्री जेवल्यावर गच्चीवर पंधरा मिनिटं चालण्यावर, कारण गल्लीत अंधार आणि कुत्री, गच्चीवर दोन्ही नाही, आणि उन्हाळ्यात तर आमचं सगळं घर तसंही गच्चीवरच असतं. त्यावर मी आठ मार्क दिले. जेवणानंतर लगेच चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणामागची शुगर फार चढत नाही, हे तिनं नंतर समजावलं, पण आधी जागा आणि वेळ ठरवली.

मला हे फार मोलाचं वाटलं. मी मुलांना शिकवते म्हणून मला कळतं, भागाकार येत नसलेल्या पोराला फळ्यावर अजून एक मोठं गणित दिलं म्हणून भागाकार येत नाही, पोरगं कुठं अडलं ते बघावं लागतं. कोचचं काम अगदी तेच आहे.

दुसरी गोष्ट तेलाची. तिनं तेल कमी करा म्हटलं नाही, नवा पाच लिटरचा कॅन फोडला की स्केच पेननं त्याच्यावर तारीख लिहा म्हणाली, बस. आमच्या घरात तेल किती जातं हे इतक्या वर्षांत कोणाला विचारलं असतं तर कोणी सांगितलं नसतं. तारीख लिहायला लागल्यापासून आमचे हे स्वतःच कॅनकडं बघायलेत, "ह्या वेळेस लवकर संपला की काय" असं विचारायलेत, आणि येसराच्या आमटीवर जो तेलाचा थर यायचा तो आपोआप पातळ झाला, चव तशीच आहे. कोणाला ओरडावं लागलं नाही. कॅन ओट्याखाली दिसेल असा ठेवला, एवढंच.

व्यायामाचंही असंच. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, बायकांचं तर पाळी जायच्या काळात जास्तच, आपल्याकडं ती सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, पोटावर चरबी बसते, झोप मोडते, चिडचिड होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालावं आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. हा दुसरा भाग आपल्याकडं कोणी सांगतच नाही, जिम म्हटलं की पोरांचं काम असं वाटतं. तिनं मला चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करायला लावल्या आणि खुर्चीवरून हात न टेकवता उठायचं-बसायचं, दोन दमात थोडं थोडं. चहा तर रोज होणारच, त्यामुळं हे विसरत नाही. रोजच्या ठरलेल्या गोष्टीला नवी गोष्ट चिकटवायची, ही तिची पद्धत. आता शाळेत पोरांबरोबर खाली मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावा लागत नाही, ह्याचा मला वजनाच्या काट्यापेक्षा जास्त आनंद आहे.

आणि ते "एकवीस दिवसांत सवय लागते" हे छापणं कृपा करून बंद करा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ह्यावर अभ्यास झाला होता, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ पण. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सगळं वाया गेलं असं त्यात दिसलं नाही. हे लोकांना कळलं पाहिजे, कारण बाविसाव्या दिवशी माणूस म्हणतो आपल्याच्यानं होत नाही, आणि सोडून देतो.

हे काही माझ्या एकटीच्या अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम नावाची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००२ साली आला. उंबरठ्यावरचे तीन हजारांवर लोक, सरासरी वय पन्नाशीच्या आसपासच, एका गटाला औषधाची गोळी, एका गटाला औषध नसलेली नुसती खोटी गोळी आणि एका गटाला कोच. पहिल्या सहा महिन्यांत कोचबरोबर १६ वेळा बैठक, नंतर महिन्याच्या महिन्याला भेट किंवा फोन. खोट्या गोळीच्या मानानं गोळीवाल्यांत डायबेटिस ३१ टक्क्यांनी कमी झाला आणि कोचवाल्यांत ५८ टक्क्यांनी. दहा वर्षांनी बघितलं तरी कोचवाल्यांत ३४ टक्के कमी होता, आणि वजन तर बऱ्याच जणांचं परत थोडं वाढलेलं. कोणी म्हणेल ते अमेरिकेचं, तर आपल्याच चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन ह्यांच्या टीमनं भारतीय माणसांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला, राहणीमान बदलल्यानं धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यांनीच २०१३ मध्ये अजून एक दाखवलं, नोकरी करणाऱ्या ३५ ते ५५ वयाच्या पुरुषांना मोबाईलवर नुसते ठरावीक वेळी एसएमएस पाठवले, तर दोन वर्षांत डायबेटिसचा धोका ३६ टक्क्यांनी खाली आला. नुसत्या मेसेजवर! मग आपल्या खात्याला मराठीतून असे मेसेज पाठवायला किती खर्च येणार आहे?

आयसीएमआरचा २०२३ चा अभ्यास सांगतो की देशात १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. म्हणजे झालेल्यांपेक्षा होऊ घातलेले जास्त. ह्या लोकांसाठी गोळीच्या आधी करण्यासारखं खूप आहे, पण ते करून घेणारं कोणी नाही.

आता आपल्याकडचं खाणं. मराठवाड्यात लोकांचा पक्का समज आहे की ज्वारीची भाकरी शुगरला कितीही चालते. ज्वारी चांगलीच आहे, मैद्याच्या पावापेक्षा आणि पॉलिश तांदळापेक्षा कितीतरी बरी, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि इक्रिसॅट ह्या शेती संशोधन संस्थेनं मिळून लोह-जस्त जास्त असलेला ज्वारीचा 'परभणी शक्ती' वाण काढलाय त्याचा मला अभिमान आहे. पण भाकरीतही पिष्टच असतं, ताटभर मोठ्या तीन भाकरी आणि वाटीच्या तळाशी पातळ वरण असं जेवण असलं तर शुगर चढणारच. माझ्या कोचनं भाकरी बंद केली नाही, आकार लहान केला, आणि आधी भाजी आणि घट्ट वरण किंवा मटकीची उसळ वाढून घ्यायची, मग भाकरी मोडायची. चटणी शेंगदाण्याचीच, लसूण घालून, पण वरून तेलाची धार नाही. उपवासाचंही तसंच, एकादशी-गुरुवार सोडा म्हणणारा कोच आमच्या घरात दुसऱ्या दिवशी टिकला नसता. ती म्हणाली उपवास धरा, साबुदाण्याची खिचडी डिशभर खाण्यापेक्षा थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही घ्या. सासूबाईंनाही पटलं, कारण भगर-आमटी त्यांच्या लहानपणापासूनचीच.

सगळ्यात अवघड काय होतं ते सांगू का, लोकांचा आग्रह. हळदी-कुंकू, बारसं, सत्यनारायण, लग्नसराईत तर रोज बुंदी, "घ्या हो बाई, एवढ्यानं काय होतंय", आणि नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरतं. कोचनं ह्यावर माझ्याशी एक आख्खा फोन खर्च केला, काय बोलायचं ते तोंडपाठ करून घेतलं: "घरी नेते ताई, डब्यात द्या." मान राहतो आणि डबा पोरांच्या पोटात जातो. असल्या गोष्टी कुठल्या ॲपला कळणार, त्याला आमची लग्नसराई माहीत नाही, गौरीचे दिवस माहीत नाहीत, सोयाबीनच्या काढणीत घरात दहा माणसांचा स्वयंपाक असतो ते माहीत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, असल्या भागात आपण राहतो. टँकरचे दिवस आले की कोणाचाही व्यायाम मोडणारच, म्हणून तिनं सुरुवातीलाच वाईट दिवसाचा वेगळा बेत करून ठेवला, त्या दिवशी फक्त टाचा आणि पाच मिनिटं गच्ची, बाकी माफ. वाईट दिवसात टिकतं तेच पुढं चालतं असं ती म्हणते, आणि मला ते पटलंय.

एक अजून महत्त्वाचं. मधे मला फार थकवा यायला लागला, मला वाटलं वयच आहे. तिनं पुढचं सगळं थांबवलं आणि म्हणाली आधी डॉक्टरांकडं जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा, मी डॉक्टर नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, थकवा हटला. चांगला कोच ओळखायची ही खूण समजा, त्याला आपली हद्द माहीत असते. आणि हे मी का सांगतेय तर आमच्याच ओळखीतल्या एका बाईनं भिशीचे पैसे घालून एका 'कोच'कडून पावडरचे डबे घेतले, सकाळी जेवणाऐवजी शेक, संध्याकाळी शेक, वजन उतरलं, फोटो टाकले, आणि शेक परवडेना झाला तसं सगळं परत आलं, त्याहून वाईट म्हणजे तिला बीपीची गोळी बंद करायला सांगितलं होतं. हे भयंकर आहे. बीपीची, शुगरची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी बंद करायला सांगत असेल तर त्याचा नंबर तिथंच डिलीट करा. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात आहारतज्ज्ञांची नोंदणी वगैरे आलीय, पण हेल्थ कोच अशी पाटी मात्र आज कोणीही लावू शकतो. म्हणून पैसे देण्याआधी विचारा, तुमचं शिक्षण काय, तुम्ही काही विकता का, माझ्या डॉक्टरांचे रिपोर्ट बघणार का, आणि माझ्याच्यानं नाही झालं तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नावर जो रागावून बोलेल तो कामाचा नाही.

आता सरकारबद्दल. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला, वय, कंबर, तंबाखू, व्यायाम, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का हे विचारतात आणि चारच्या वर मार्क गेले की तपासायला पाठवतात. उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झालीत, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, कागदावर योगा आणि समुपदेशनही आहे. म्हणजे सांगाडा सगळा उभा आहे. पण उंबरठ्यावर सापडलेल्या माणसाला दर आठवड्याला दहा मिनिटं देणारं कोणी ठरवून दिलेलं नाही. हे काम परत आशाताईंच्याच डोक्यावर टाकू नका, त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत आणि मानधनासाठी त्यांना कितीदा रस्त्यावर बसावं लागतं ते तुमच्याच पेपरात वाचतो आम्ही. वेगळं माणूस द्या, आहारशास्त्र शिकलेल्या आपल्याच भागातल्या पोरी-पोरं नोकरीच्या शोधात फिरायलेत, त्यांना चांगलं ट्रेनिंग देऊन एकेका आरोग्य मंदिराला जोडा. फोनवर, मराठीतून, तेच माणूस प्रत्येक वेळी.

आणि सगळ्यांना एकच माप लावू नका. दिवसभर खुरपायला जाणाऱ्या बाईला संध्याकाळी चाला म्हणणं बरोबर नाही, तिला झोप पाहिजे, डाळ-अंडं पाहिजे, रक्त तपासणी पाहिजे. चालायची गरज माझ्यासारख्या स्कूटीवर फिरणाऱ्यांना, दुकानात बसणाऱ्यांना, आणि मोटरसायकलवर शेतात चक्कर मारून "आम्ही शेतकरी आहोत, आम्हाला काय व्यायाम" म्हणणाऱ्या भाऊसाहेबांना आहे. हा फरकही समोर बसून विचारणाऱ्यालाच कळतो.

तुमच्याकडं मागणं एवढंच, पुरवणीतल्या त्या डाएटच्या जागी सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञाला बसवा, लोकांची पत्रं घ्या, एका वाचकाची अडचण घेऊन त्याच्याबरोबर सहा महिने चाला आणि दर आठवड्याला काय झालं ते छापा, नाही जमलं तेही छापा. आणि डब्यांच्या जाहिराती बातमीसारख्या दिसतात त्या बंद करा.

शेवटी बायकांसाठी एक गोष्ट. गावात सकाळी चालायला सुरक्षित जागा नसते, पण शाळेचं मैदान असतं, कंपाउंड असतं, दिवा असतो. आमच्या शाळेचं मैदान सकाळी साडेपाच ते सात बायकांसाठी उघडं ठेवावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडं आम्ही अर्ज दिलाय. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा हे गावाच्याच हातात आहे. ज्यांना आपल्या गावात असा अर्ज करायचाय त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावे करावा, वेळ स्पष्ट लिहावी, कुलपाची किल्ली कोणाकडं राहील आणि झाडलोट कोण करील हेही त्यात लिहावं, कारण आमच्याकडं समितीनं पहिला प्रश्न तोच विचारला.

आपली,
एक शिक्षिका-वाचक
सेलू, जि. परभणी